खत वाढवण्याआधी माती तपासा : अकरावी-बारावी सायन्सच्या मार्कांची गोष्ट



शिवारफेरी आटोपली, बोंडअळीचे आणि तुरीवरच्या फवारणीचे बोलणे झाले, की बरेचदा एखादा शेतकरी रस्त्यापर्यंत सोबत येतो आणि आवाज जरा खाली करून विचारतो, "साहेब, शेतीचं राहू द्या. पोराला दहावीला नव्वद टक्के होते. सायन्सला घातला, तर फिजिक्सच्या पहिल्याच चाचणीत २५ पैकी ९! रात्री बारा-बारा वाजेस्तोवर वाचतंय, पण मार्क काही हलेनात. काय करावं?"

आमचे काम बी-बियाण्यांचे आणि खतांचे. तरी हा प्रश्न अलीकडे युरियाच्या प्रश्नाइतकाच वेळा कानावर येतो. त्याची उत्तरेही गावात ठरलेली आहेत. एक म्हणजे "अजून जास्त अभ्यास कर," आणि दुसरे म्हणजे "शहरात मोठा क्लास लाव." पीक पिवळे पडले की काही न पाहता युरियाचे पोते ओतावे, तशातला हा प्रकार आहे. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, तसा लोहाच्या आणि जस्ताच्या कमतरतेनेही येतो आणि मुळाशी पाणी साचल्यानेही येतो. दुखणे एक आणि औषध दुसरे झाले, तर पैसाही जातो आणि हंगामही जातो.

अकरावी आणि बारावी हे मुलांच्या आयुष्यातले असेच दोन हंगाम आहेत. त्यात मार्क का घसरतात आणि ते वर कसे आणायचे, याचा विचार आपण शेतकऱ्याच्याच पद्धतीने करू.

दहावीचे नव्वद खोटे नव्हते, माप वेगळे होते

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय असतात, प्रत्येकी १०० गुणांचे. टक्केवारी काढताना त्यातले सर्वांत चांगले पाच विषय धरतात. शिवाय प्रत्येक विषयातले २० गुण शाळेने द्यायचे असतात. मंडळाचा लेखी पेपर ८० गुणांचा.

एक हिशेब मांडून पाहा. समजा, मुलाला मराठीत ९२, हिंदीत ९०, सामाजिक शास्त्रांत ९५, विज्ञानात ८८, गणितात ८५ आणि इंग्रजीत ८० गुण पडले. सर्वांत कमी इंग्रजीचे, म्हणून इंग्रजी वगळली. उरलेल्या पाचांची बेरीज ४५०, म्हणजे ९० टक्के. घरात पेढे वाटले. आनंदाचीच गोष्ट आहे, मुलाने मेहनत केलेली असते.

पण आता गणिताचे ८५ जरा उकलून पाहा. त्यात शाळेचे २०, म्हणजे लेखी पेपरात ८० पैकी ६५. पंधरा गुणांचे गणित तेव्हाच कच्चे होते. ते नव्वद टक्क्यांखाली झाकले गेले. ज्या हिंदीने आणि सामाजिक शास्त्रांनी टक्केवारी वर उचलली, ते विषय सायन्सला बहुतेक मुलांच्या वाट्याला येत नाहीत. आणि जी इंग्रजी हिशेबातून वगळली, नेमक्या त्याच इंग्रजीतून आता फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि मॅथ्स शिकायचे असते.

म्हणून अकरावीत मार्क पडले की "पोराचं डोकं फिरलं", "मोबाईलनं वाटोळं केलं" असे एकदम म्हणू नये. मोबाईलचा दोष असेलही, पण आधी हे ध्यानात घ्यावे की जमीन बदलली आहे. हलक्या जमिनीत जमलेले पीक भारी जमिनीत घ्यायचे, तर मशागत बदलावीच लागते.

नेमके काय अवघड होते?

पहिली अडचण भाषेची. मराठी माध्यमातल्या मुलाने त्वरण, संवेग, घर्षण, विस्थापन हे शब्द नववी-दहावीत पक्के केलेले असतात. कॉलेजात पहिल्याच दिवशी फळ्यावर ॲक्सिलरेशन, मोमेंटम, फ्रिक्शन, डिस्प्लेसमेंट येते. गोष्ट तीच, पण ओळख लागत नाही. मुलाला वाटते, आपल्याला फिजिक्स कळत नाही. खरे तर त्याला फिजिक्सचे निम्मे माहीत असते, फक्त नाव नवे असते.

दुसरी अडचण गणिताची. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात १४ प्रकरणे आहेत आणि त्यातले दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. तिथे व्हेक्टर येतात, डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशनची तोंडओळख येते. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन अकरावीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी येते आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीला. म्हणजे नांगर हातात येण्याआधीच नांगरटीला जायचे. त्यात घातांक, समीकरणाची उलटापालट आणि त्रिकोणमिती कच्ची असली, की गाडी तिथेच रुतते.

तिसरी अडचण प्रश्नांच्या रीतीची. खालच्या वर्गात बहुतेक प्रश्नांत सूत्र कोणते हे उघड दिसते, त्यात आकडे टाकले की झाले. इथे सूत्र कोणते लावायचे हे आधी आपणच ठरवायचे असते. आपल्या विहिरीवरचेच उदाहरण घेऊ.

विहिरीतले पाणी २० मीटर वर उचलायचे आहे आणि मिनिटाला ६०० लिटर पाहिजे. मोटार किती अश्वशक्तीची लागेल? शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ, हे सूत्र नववीपासून पाठ आहे. पण या प्रश्नात 'कार्य' हा शब्दच नाही. मुलाला स्वतः ओळखावे लागते की एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, मिनिटाला ६०० लिटर म्हणजे सेकंदाला १० किलो, ते २० मीटर उचलायचे, आणि गुरुत्वत्वरण ९.८. गुणाकार केला की १,९६० वॅट येतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे साधारण २.६ अश्वशक्ती. पण पंप आणि मोटार मिळून निम्मीच ऊर्जा पाण्याला पोचवत असतील, तर सव्वापाच अश्वशक्ती लागेल. आपण विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार का बसवतो, त्याचे हे गणित आहे.

ज्या मुलाला सूत्र नुसते पाठ आहे, तो इथे पेन खाली ठेवतो. ज्याने ते हाताळले आहे, तो आकडे शोधत पुढे जातो. अव्वल मार्क आणि काठावरचे मार्क यांतला फरक बहुतेक वेळा इथे पडतो.

पिंपाची आखूड फळी

आम्हाला कृषी महाविद्यालयात एक नियम शिकवत असत. कार्ल स्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने तो १८२८ साली मांडला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिगने जगभर नेला. पिकाचे उत्पन्न ज्या अन्नद्रव्याची सर्वांत जास्त कमतरता असेल त्यावर ठरते, ज्याची रेलचेल असेल त्यावर नाही. समजण्यासाठी लाकडी फळ्यांचे पिंप डोळ्यांसमोर आणा. सगळ्या फळ्या उंच आहेत आणि एकच आखूड आहे. वरून कितीही पाणी ओता, ते त्या आखूड फळीवरून वाहून जाणार.

अभ्यासाचेही असेच आहे. मुलाची आखूड फळी घातांकाची असेल आणि आपण रात्रीचे दोन तास पाठांतराला वाढवले, तर ते दोन तास वाहून जातात. वर झोप गेली ती वेगळीच. म्हणून आधी फळी शोधायची, मग पाणी ओतायचे.

एका मुलीचा पेपर

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावातली मुलगी. घरची चार एकर कोरडवाहू जमीन. दहावीला उत्तम मार्क, कॉलेज तालुक्याला, रोज एसटीचा प्रवास. अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये २५ पैकी ९. वडिलांनी गाभण कालवड विकून शहरातला क्लास लावायचे ठरवले होते. आजीचे म्हणणे वेगळेच होते. "पोरीच्या जातीला कशाला एवढं? झेपत नसंल तर बंद करा आन् एखादं चांगलं स्थळ बघा." म्हणजे २५ गुणांच्या त्या पेपरावर एक कालवड आणि एका मुलीचे पुढचे आयुष्य, दोन्ही टांगले गेले होते.

तिच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर मोठे शहाणे. त्यांनी तिला ओरडा दिला नाही, क्लासही सुचवला नाही. तपासलेला पेपर तिच्याच पुढ्यात ठेवला आणि सांगितले, "गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर तो का गेला ते लिही." पाच कारणे ठरवली : विषयच कळला नव्हता, कळला होता पण आठवला नाही, प्रश्नाचे इंग्रजी लागले नाही, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही.

गेलेले मार्क १६. त्यांची वाटणी अशी झाली. विषय न कळल्याने ३. इंग्रजीने ४. वेळेने ३. आकडेमोडीने ६, आणि तीही बहुतेक दहाच्या घातांची आणि एककांची. आठवले नाही म्हणून गेलेला मार्क एकही नव्हता!

मुलगी रात्री बारापर्यंत जागून काय करत होती? व्याख्या पाठ करत होती. म्हणजे ज्याची कमतरता मुळीच नव्हती, त्याच खताची पोती ती रोज ओतत होती.

सरांनी तिला आठवी-नववीची गणिताची जुनी पुस्तके काढायला लावली. रोज अर्धा तास फक्त घातांक, एककांची रूपांतरे आणि समीकरणाची उलटापालट. दुसरे म्हणजे शब्दांची वही. पानाच्या एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, रोज आठ-दहा. आम्ही गावाकडून कृषी महाविद्यालयात गेलो तेव्हा आमच्याही खिशात अशीच वही असायची, आणि एका वर्षात तिचे काम संपत असे. बाकी तिचा अभ्यासाचा वेळ वाढवला नाही, उलट रात्रीचे जागरण बंद केले.

पुढच्या चाचणीत तिला २५ पैकी १५ मिळाले. हे काही अव्वल मार्क नव्हेत. पण आता वाटणी पुन्हा केली तेव्हा आकडेमोडीचा फक्त १ मार्क गेला होता आणि वेळेचे ४. म्हणजे आखूड फळी बदलली होती. मग घड्याळ लावून पेपर सोडवायला सुरुवात झाली. बारावीच्या सराव परीक्षेत तिने फिजिक्सच्या ७० पैकी ५४ मिळवले. कालवड गोठ्यातच राहिली, यथावकाश व्यायलीही. स्थळाचा विषय आजीने परत काढलेला नाही.

वाचणे आणि अभ्यास यांत फरक आहे

'पोरगं वाचतंय' याचे आपल्याला फार समाधान असते. पण पुस्तक उघडून पुन्हा पुन्हा वाचणे हा अभ्यासाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उत्पन्नाचा प्रकार आहे. हे नुसते माझे मत नाही, त्यावर प्रयोग झालेले आहेत.

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढे कागदावर उतरवले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवले आणि दुसऱ्यांना ७५. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. पुन्हा वाचणारांना ४२ टक्केच आठवत होते, आठवून लिहिणारांना ५६.

दुसरा प्रयोग गणिताचा, रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला. घनाकृतींचे घनफळ काढायच्या चार प्रकारच्या उदाहरणांचा सराव होता. एका गटाने एका प्रकारची सगळी उदाहरणे संपवून मग दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाला चारही प्रकार मिसळून दिले. सराव चालू असताना पहिला गट जोरात होता, ८९ टक्के बरोबर. मिसळून करणारे ६० टक्क्यांवर. आठवड्याने परीक्षेत पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि मिसळून करणारे ६३ टक्क्यांवर राहिले.

याचे कारण सोपे आहे. एका प्रकरणाची उदाहरणे ओळीने सोडवताना सूत्र कोणते हे आधीच माहीत असते. परीक्षेत प्रश्नावर प्रकरणाची पाटी लावलेली नसते.

यातून आपल्या मुलांनी घ्यायचे ते एवढेच :

१. एक भाग वाचला की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरावे. उद्याचा अभ्यास त्या लाल शाईचा.

२. सोडवलेले उदाहरण 'बघून समजले' म्हणून सोडू नये. दोन दिवसांनी तेच उदाहरण न बघता सोडवावे. सुटले तर ते आपले.

३. रविवारी चार वेगवेगळ्या प्रकरणांतली दहा उदाहरणे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि घड्याळ लावून सोडवावीत. सुरुवातीला मार्क कमी पडतील. त्याने खचू नये, प्रयोगातही तसेच झाले होते.

४. चुकांची वही वेगळी ठेवावी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती वही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

हातचे गुण सोडू नका

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि प्रात्यक्षिक २० चे. चारही विषय घेतलेल्या मुलाचे ४०० पैकी ११० गुण प्रात्यक्षिकांत आहेत. बांधावरच्या तुरीसारखे हे पीक असते, थोडे लक्ष दिले तरी हाती लागते. कॉलेज बुडवून दिवसभर क्लासला बसणारी मुले जर्नल शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याचे बघून उतरवतात आणि तोंडी प्रश्नाला गप्प राहतात.

लेखी पेपरात उदाहरणाला पायरीपायरीचे गुण असतात. दिलेली माहिती, सूत्र, किमती घालणे, उत्तर आणि त्याचे एकक, असे सगळे लिहावे. शेवटचे उत्तर चुकले तरी वरच्या पायऱ्यांचे गुण मिळतात. आकृतीला नावे द्यावीत.

इंजिनीअरिंगच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी राज्याची सीईटी असते. तिच्यात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात. एकूण २०० गुण, १८० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा ठेवू नये. साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. 'अकरावी म्हणजे आरामाचे वर्ष' असे म्हणणारांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मात्र घाबरून गेलेल्या मुलाला दुसरी बाजूही सांगावी. अकरावीचे गुण बारावीच्या गुणपत्रिकेत धरत नाहीत. चाचणीतले २५ पैकी ९ कुठेही कायमचे कोरले जात नाहीत. माती परीक्षणाचा तो अहवाल आहे, बाजारातला भाव नव्हे.

क्लास लावावा का?

क्लास वाईट असे मी म्हणत नाही. एखाद्या विषयाचा शिक्षकच कॉलेजात नसेल, तर पर्याय उरत नाही. पण फी भरण्याआधी मुलाची आखूड फळी कोणती ते माहीत हवे. दीडशे मुलांच्या हॉलमध्ये तुमच्या मुलाचे आठवीतले घातांक कोणी पक्के करून देणार नाही.

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये, रँकची हमी देऊ नये, आणि मुलगा मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा दोन्ही वर्षांची फी एकदम मागत असतील, तर परताव्याचे कागदावर लिहून घ्या आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. बियाण्याची पिशवी आणि पावती जपून ठेवा, हे आम्ही सांगत असतो. इथेही तोच नियम.

घराने काय करावे?

आईवडिलांना फिजिक्स येत नाही म्हणून त्यांच्या हाती काही नाही, असे मुळीच नाही.

पहिली गोष्ट झोपेची. या वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. दिवसा शिकलेले मेंदूत मुरते ते झोपेत. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला बारावीच्या मुलाला उठवू नका. आणि तो दिवा लावून बसला आहे याचा अभिमान बाळगण्यापेक्षा साडेदहाला दिवा मालवायला सांगा.

दुसरी गोष्ट मुलींची. एकाच वर्गातला मुलगा घरी येऊन वही उघडतो आणि मुलगी पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्यांना बघते. रोजचे दोन तास धरले, तरी वर्षाला सातशेवर तास होतात. मग निकालाच्या दिवशी आपण म्हणतो, पोरगी कमी पडली. एसटीचा मोफत पास सरकार देते, पण संध्याकाळचे दोन तास घरानेच द्यायचे असतात. कामे वाटून घ्या. मुलाने भाकरी थापली तर बिघडत नाही.

तिसरी गोष्ट विचारपूस. "किती मार्क पडले?" याऐवजी "आज कुठं अडलं?" असे विचारा. मोटारीचे, ठिबकच्या दाबाचे, फवारणीच्या प्रमाणाचे गणित मुलाला घालायला लावा. लिटरला दोन मिली औषध, तर १५ लिटरच्या पंपाला किती आणि एकराला किती, हे तो हिशेबाने सांगू लागला की त्यालाही पुस्तकातले आपल्या शिवारात दिसू लागते.

चौथी गोष्ट तुलनेची. शेजारच्या पाटलांच्या मुलाला ९६ पडले, हे मुलाला ठाऊक असतेच. ते जेवणाच्या ताटावर परत वाढू नये. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवण कमी झाले, रात्र रात्र झोप येत नाही, "माझा काही उपयोग नाही" अशी भाषा सुरू झाली, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, सरांशी बोला, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट मिळते. तिथे मुलगाही बोलू शकतो आणि आईवडीलही.

आणि एवढे करून अव्वल मार्क आलेच नाहीत तर? बारावीत नापास झाल्यास जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. पास होऊनही गुण कमी वाटले, तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येते. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के किमान लागतात, पुढचे सीईटीवर ठरते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत कृषी पदवीची वाट आहे. डिप्लोमा आहे, आयटीआय आहे. एका वाफ्याला पाणी पोचले नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नाही.

तेव्हा या रविवारी एवढेच करा. मुलाचा किंवा मुलीचा शेवटचा तपासलेला पेपर काढायला सांगा. शेजारी बसा, पण बोलू नका. गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर कारण त्याला स्वतः लिहू द्या. कारणांची बेरीज करा. ज्या कारणाची बेरीज सर्वांत मोठी येईल, पुढचे वीस दिवस रोज अर्धा तास फक्त त्याचेच काम. मग पुन्हा चाचणी, पुन्हा बेरीज. याला पैसा लागत नाही, फक्त एक जुना पेपर आणि पेन्सिल लागते.